'रन अप'चं फ्रेंच मराठीच्या वाटेनं

पंचगंगा घाटावर एक मुलगा पायऱ्या पळत चढला. इंग्रजीत याचं 'ही रॅन अप द स्टेप्स' होतं. हेच फ्रेंचमध्ये सांगायचं झालं की शिकणाऱ्याचा हात आधी 'रन'कडे जातो. 'कुरिर' हा शब्द मिळतो आणि मग 'अप'साठी शोधाशोध सुरू होते. तो शब्द मिळत नाही, कारण फ्रेंचमध्ये 'वर' हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच असतो: 'इल आ मोंते ले मार्श आं कुरां'. मोंते म्हणजे चढणं, आं कुरां म्हणजे पळत. मूळ मराठी वाक्य पुन्हा वाचा, मांडणी तीच आहे.

लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषांची याच मुद्द्यावर वर्गवारी केली. हालचालीच्या वाक्यात दोन गोष्टी असतात, दिशा आणि रीत. इंग्रजी रीत क्रियापदात घालते (रन, स्विम, किक) आणि दिशा 'अप', 'आउट', 'अक्रॉस' अशा छोट्या शब्दांवर सोपवते. फ्रेंच दिशा क्रियापदात घालते, रीत बाजूला ठेवते. मराठीही बहुतेक वेळा तेच करते: शिरणं, निघणं, चढणं, उतरणं, ओलांडणं ही दिशेची क्रियापदं, आणि पळत, पोहून, रांगत ही त्यांच्या सोबतीला. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाताना होणारी ही अदलाबदल व्हिने आणि दार्बेलने या दोन भाषातज्ज्ञांनी 1958 मध्ये मांडली. नाचातल्या जागा बदलण्यावरून तिला 'शासे-क्रुआझे' म्हणतात.

म्हणून इंग्रजी वाक्य हाती आलं की आधी ते चांगल्या, बोलत्या मराठीत म्हणा. 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' म्हणजे 'त्यानं पोहून नदी पार केली', आणि फ्रेंच 'इल आ त्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाज'. 'ही किक्ड द डोअर ओपन' म्हणजे 'त्यानं लाथ मारून दार उघडलं', 'इल आ उव्हेर ला पोर्त दं कू द प्ये'. हे 'दं कू द' अशा ठिकाणी आपल्या 'मारून'चंच काम करतं. 'ही वॉक्ड इन'चं मराठी 'तो चालत आत आला' असं कुणी करत नाही. माणूस चालतच येणार, म्हणून आपण 'आत आला' एवढंच म्हणतो. फ्रेंचही चालणं गाळते: 'इल एत आंत्रे'. रीत सांगण्याजोगी असेल तरच सांगायची.

इथं एक चूक हमखास होते. 'ही रॅन इंटू द हाउस'साठी 'इल आ कुर्यू दां ला मेझों' लिहिलं, तर फ्रेंच वाचणाऱ्याला सहसा वाटतं की तो घरातल्या घरातच पळत होता. उंबरा ओलांडला हे सांगायचं असेल तर 'आंत्रे' हवंच. उंबरा नसेल तर मात्र 'कुरिर' चालतं. रंकाळ्याभोवती पळणाऱ्याला कोणतीच हद्द ओलांडायची नसते, म्हणून 'इल आ कुर्यू ओतूर द्यू लाक' बिनधास्त लिहावं.

आता 'रन अप अ बिल' घ्या. यातला 'अप' पायऱ्यांवरचा नव्हे. ओळखायची खूण सर्वनामात आहे. बिलाला 'रॅन इट अप' म्हणता येतं, पायऱ्यांना 'रॅन देम अप' म्हणता येत नाही, 'रॅन अप देम' म्हणावं लागतं. सर्वनाम मध्ये शिरत असेल तर तो छोटा शब्द क्रियापदाला जोडलेला आहे, आणि अर्थ दोघांचा मिळून घ्यायचा. बिल वाढवून ठेवलं, फ्रेंचमध्ये 'आक्युम्युले'.

अशा जोडलेल्या क्रियापदांची ही एक जात झाली. दुसरी जात 'ईट अप', 'ड्रिंक अप' यांची. इथं 'अप' म्हणजे वर नाही, काम पुरतं झालं असा अर्थ. आपण त्यासाठी दुसरं क्रियापद जोडतो: 'रस्सा पिऊन टाक की'. या 'टाक'ला फ्रेंचमध्ये जोडीदार नाही, मराठीचा पूल इथं तुटतो. तिथं 'फिनिर' म्हणजे संपवणं वापरतात, किंवा 'तू', म्हणजे सगळं, हा शब्द घालतात: 'इल आ तू मांजे', त्यानं सगळं खाल्लं.

तिसरी जात सगळ्यांत चिवट. 'ब्रेक डाउन'चं एकच फ्रेंच शोधू नका, सोबतचं नाम बघा. गाडी बंद पडते: 'तोंबे आं पान'. माणूस कोसळतो: 'सेफोंद्रे'. पोलीस दार फोडतात: 'आंफोंसे'. तसंच 'टेक ऑफ': देवळाबाहेर चपला काढायच्या तर 'आंलव्हे', उजळाईवाडीहून विमान उडालं तर 'देकोले'. शब्दकोशात नुसतं क्रियापद बघून थांबणाऱ्याचं विमान चपलेसारखं काढलं जातं.

भूतकाळात आणखी एक बारकावा आहे. तिथं मुख्य क्रियापदासोबत 'एत्र' (असणं) किंवा 'आव्हुआर' (जवळ असणं) यांपैकी एक सहायक क्रियापद येतं. 'सोर्तिर' कर्माशिवाय आलं तर 'एत्र' घेतं, 'इल ए सोर्ती', तो बाहेर पडला. कर्म आलं की 'आव्हुआर': 'इल आ सोर्ती ला पूबेल', त्यानं कचऱ्याचा डबा बाहेर काढला. मराठीतल्या 'तो' आणि 'त्यानं' या फरकाची इथं मदत होते, पण डोळे झाकून विसंबू नये. आपण 'तो पायऱ्या चढला' म्हणतो, फ्रेंचमध्ये मात्र पायऱ्या हे कर्म असल्यानं 'आव्हुआर'च लागतं. मोंते, देसांद्र, सोर्तिर, रांत्रे, पासे, रतुर्ने या सहा क्रियापदांपाशी प्रत्येक वेळी कर्म तपासा.

'तोंबे' म्हणजे पडणं. ते नेहमीच्या वापरात 'एत्र'च घेतं, आणि मराठी माणसाला ते फार लवकर आपलंसं वाटतं. गाडी बंद पडते, माणूस आजारी पडतो, तेही 'तोंबे मालाद'. महाद्वार रोडवर अचानक मित्राची गाठ पडली, इंग्रजीत 'रॅन इंटू अ फ्रेंड', तर फ्रेंच धावत नाही, आपल्यासारखं पडतं: 'इल ए तोंबे स्युर अं नामी'.