ऑर्डर बाय लिहिलं तरी काळे आधी का येतात?

बऱ्याच जणांना वाटतं की डेटाबेसमध्ये ज्या क्रमाने माहिती भरली त्याच क्रमाने ती परत मिळते. तसं काही नसतं. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हाच टेबलमागे गणितातला संच धरला होता, आणि संचाला क्रम नसतो हे आपण शाळेत शिकलोय. क्रम हवा असेल तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, ऑर्डर बाय ('या क्रमाने लावा') लिहायचं, नाहीतर आज ओळी नीट आल्या म्हणून उद्याही येतील याची खात्री नाही.

पण मराठी नावांची खरी अडचण ऑर्डर बाय लिहिल्यावर सुरू होते. कावळे आणि काळे, यात आधी कोण? आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर येतो, म्हणजे कावळे आधी. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'सी' नावाचं कोलेशन, म्हणजे तुलनेचे नियम, असेल तर डेटाबेस वर्णमाला बघतच नाही, फक्त युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेले नंबर लावतो. ल 2354, ळ 2355, व 2357, झाले काळे आधी! क्ष ला तर स्वतःचा नंबरच नाही, क, हलन्त आणि ष असे तीन नंबर मिळून तो बनतो, त्यामुळे क्षीरसागर यादीच्या शेवटी जायचे सोडून कौलगुड आणि खरे यांच्या मध्ये येतात.

कोलेशनचा हा भाग मला फार आवडतो. आयसीयू ही वेगवेगळ्या भाषा हाताळणारी तयार कोडची लायब्ररी प्रत्येक अक्षराला एक नाही तर तीन पातळ्यांवर वजन देते, आधी दोन्ही नावांची पहिल्या पातळीची वजनं ओळीने तपासायची, सगळी सारखी निघाली तरच दुसरी पातळी, मग तिसरी. मराठीच्या नियमांत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असं लिहिलेलं आहे आणि क्ष चे तीन नंबर एकत्र दिसले की त्यांना मिळून एकच वजन मिळतं. पोस्टग्रेस 10 पासून हे वापरता येतं, ऑर्डर बाय नंतर कोलेट 'एमआर-एक्स-आयसीयू' एवढंच लिहायचं. 'कॉम्प्युटरला मराठी जमत नाही' हे साफ खोटं आहे, आणि यासाठी एआय लागतं असं सांगून कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

एक मात्र सांभाळा. बी-ट्री इंडेक्स म्हणजे आधीच सॉर्ट करून ठेवलेली नावं, आणि ती ज्या कोलेशनने लावली त्याच क्रमाने उपयोगी पडतात, दुसरं कोलेशन मागितलं की डेटाबेसला सगळं नव्याने सॉर्ट करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे नियमच बदलणं. पोस्टग्रेस लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीचे तुलनेचे नियमही वापरू शकतो, आणि 2018 मध्ये तिच्या 2.28 आवृत्तीत ते बदलले, इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोध नव्या नियमाने, मग टेबलमध्ये असलेली ओळसुद्धा 'सापडली नाही' असं उत्तर यायला लागलं, युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा येऊ न देणारा) असूनही डुप्लिकेट ओळी शिरू शकत होत्या. ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड केल्यावर मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स रीइंडेक्स करायला, म्हणजे नव्याने बांधायला, सांगतात ते यामुळेच.