सोयाबीनच्या पट्ट्यातला एक एकर

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी होते. तिच्यात काय काय पडतं ते मोजून बघा: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमूग, वांगी, मेथी, गाजर, कांद्याची पात, चिंच, बेसन. जोडीला ज्वारीच्या पिठाची आंबिल. पूर्वी यातलं बहुतेक त्याच वावरात निघायचं. आता कितीतरी घरं आदल्या दिवशी बाजारातून पिशवी भरून आणतात आणि तीच शेतात नेतात.

हे एका रात्रीत झालेलं नाही. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली, लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि मदतीतल्या सुकडीवर जगली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हाताला काम मिळालं, चूल पेटली. पण वावरात काय पेरायचं, हा प्रश्न कुणी बायकांना विचारला नाही. तो त्या योजनेचा विषयच नव्हता.

विचारायची सुरुवात झाली ती घरांपासून. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माळवदाच्या, म्हणजे सपाट छताच्या, जड मातीखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू झालं. पुरती उद्ध्वस्त झालेली गावं सरकारने नव्या जागी वसवली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनीच आपली घरं दुरुस्त करायची होती. लोकसहभागाचं काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आलं. गावोगावी बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरदुरुस्तीचे हप्ते कुठे अडले, बांधकाम नीट होतंय का, हे त्या इंजिनिअरला तोंडावर विचारू लागल्या. डोक्यावरचा पदर तसाच, पण आवाज बदललेला. पुढचे बचत गट याच बायकांमधून उभे राहिले. शेतीचं तंत्र नंतर आलं. त्याआधी कचेरीत उभं राहायची सवय आली, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

मधल्या काळात सोयाबीन पसरलं. नव्वद दिवसांत, शंभर दिवसांत रोख पैसा. दोष कुणाला द्यायचा? एवढंच, की सोयाबीन घरात शिजत नाही. ते विकायचं आणि त्या पैशात डाळ, पीठ, तेल आणायचं. खरिपाची ज्वारी, मूग, उडीद मागे हटले, ज्वारीबरोबर जनावरांचा कडबाही गेला. पाऊस हुकला की पीकही नाही आणि किराणाही नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या वर्षी खेड्यातल्या डब्यात काय होतं, याची बातमी क्वचितच झाली.

‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने या बायकांबरोबर उभी केलेली ‘एक एकर’ची शेती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने नवऱ्याकडे, सासऱ्याकडे मागून घ्यायचा आणि त्यात कडधान्यं, तृणधान्यं, भाजीपाला मिसळून लावायचा. बियाणं जमेल तितकं घरचं, खतही घरचंच. आधी घरात खायचं, उरलं तर विकायचं. एक पीक बुडालं तर दुसरं हाताशी. आमच्या आज्यांची मिश्रपिकं याहून फार वेगळी नव्हती. या कामासाठी संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२मध्ये गेल्या.

सातबाऱ्यावर नाव बहुतेक ठिकाणी अजूनही नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचंच आहे.