वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅपची जोडणी, अ‍ॅपची मंजुरी: बेळगाव सीमाभागातल्या संस्था आणि दुकानदारांसाठी पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

ठेवीची मुदत संपत आली की पतसंस्थेकडून सभासदाला मेसेज जातो. त्यात एक लिंक असते. सभासदाच्या फोनवर संस्थेचं अ‍ॅप असतंच, तरी लिंक ब्राउझरमध्ये उघडते, पुन्हा मोबाइल नंबर विचारते, पुन्हा ओटीपी मागते. वडगावात राहणाऱ्या माझ्या मावशीला असाच मेसेज आला, तेव्हा तिने फसवणूक समजून फोनच बंद करून ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं. संस्थेची वेबसाइट आणि संस्थेचं अ‍ॅप यांची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

ही ओळख करून देणं आणि त्याआधी अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवर मंजूर करून घेणं, ही दोन कामं सीमाभागातल्या पतसंस्था, वाचनालयं, बचत गट आणि कुंदा-करदंट घरपोच पाठवणारी दुकानं आता स्वतःच करू लागली आहेत. दोन्ही कामांत अडतं ते एकाच ठिकाणी: एका जागी लिहिलेलं दुसऱ्या जागी तंतोतंत जुळत नाही.

आधी खातं: वैयक्तिक की संस्थेचं?

गूगल प्लेवर विकसक खातं (अ‍ॅप प्रसिद्ध करण्यासाठीचं खातं) उघडायला एकदाच २५ अमेरिकी डॉलर लागतात. अ‍ॅपलचं शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे आणि ते दरवर्षी भरावं लागतं. गूगलला प्रीपेड कार्ड चालत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, हे बँकेत आधी विचारून घ्या. सहकारी बँकेच्या रुपे कार्डाच्या भरवशावर बसू नका. वय १८ पूर्ण हवं.

वैयक्तिक खात्याला सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरतो. शिवाय एक खरा अँड्रॉइड फोन तुमच्याजवळ आहे, हे प्ले कन्सोलच्या (विकसक खातं चालवण्याच्या गूगलच्या जागेच्या) मोबाइल अ‍ॅपमधून दाखवावं लागतं. पण अ‍ॅप पैशांच्या व्यवहाराचं, आरोग्याचं किंवा सरकारी कामाचं असेल, तर गूगल संस्थेचंच खातं मागतं. पतसंस्थेच्या सचिवांनी किंवा त्यांच्या पुतण्याने स्वतःच्या नावावर खातं काढून त्यात संस्थेचं अ‍ॅप टाकायचं, हा मार्ग म्हणून बंद आहे. तो बंद असणंच बरं. माणूस संस्था सोडून गेला की अ‍ॅपही त्याच्याबरोबर जातं.

घरून व्यवसाय करणाऱ्या बहिणींनी इथे जरा थांबावं. वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅपमधून पैसे कमावले, तर तुमचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. संस्थेच्या खात्यात पत्ता आणि फोन नंबर तर दिसतोच. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल, तर दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या पत्त्यावर नोंदणी करा आणि मगच अर्जाला हात घाला.

डन्स क्रमांक आणि आपल्या गावांची स्पेलिंगं

संस्थेच्या खात्यासाठी गूगल आणि अ‍ॅपल दोघेही डन्स क्रमांक मागतात. हा नऊ अंकी क्रमांक डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी देते. तो मोफत मिळतो, पण हाती यायला महिनाभर लागू शकतो. सगळ्या प्रक्रियेत सर्वात आधी हाच अर्ज करा, अ‍ॅप अर्धवट असलं तरी.

आपल्याकडे गाडी अडते ती इथे. डन्सच्या नोंदीतलं नाव-पत्ता आणि विकसक खात्यातलं नाव-पत्ता एकच असावा लागतो. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने शहराचं अधिकृत नाव बदललं. त्या बदलाबद्दल आपल्याला काय वाटतं, हे इथल्या मराठी माणसाला सांगायला नको. कागदांचं मात्र झालं असं, की १९९० च्या दशकातल्या संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंग्रजीत ‘बेलगाम’ आहे आणि जीएसटीवर ‘बेळगावी’. निपाणीच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘पी’, कुठे दोन. ‘को-ऑपरेटिव्ह’ कुठे जोडरेघेसह, कुठे सलग. माणूस हे वाचून समजून घेतो. पडताळणी करणारी यंत्रणा अर्ज परत पाठवते.

त्यामुळे अर्जाआधी एका संध्याकाळी हे सगळे कागद टेबलावर मांडून बसा: संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, जीएसटी असेल तर ते प्रमाणपत्र, छोटा उद्योग असेल तर उद्यम नोंदणी, कार्यालयाचं वीजबिल किंवा भाडेकरार, बँक पासबुकाचं पहिलं पान. आपल्या भागातली नोंदणी प्रमाणपत्रं बहुतेक कन्नडमध्ये असतात. मग इंग्रजी नावाचा आधार पॅन आणि जीएसटी हाच उरतो. या दोघांवर नाव जसं आहे, तसंच अक्षर न् अक्षर पुढे सगळीकडे लिहा. दोघांतच फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. मी पाहिलेल्या एका संस्थेचे सात आठवडे निव्वळ या फरकापायी गेले, अ‍ॅप मात्र पहिल्या दिवसापासून तयार होतं.

संस्थेच्या खात्यासाठी स्वतःची वेबसाइटही लागते, आणि ती तुमचीच आहे हे गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या सेवेतून सिद्ध करावं लागतं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असेल, तर ते आधी संस्थेच्या नावावर आणा.

बारा माणसं, चौदा दिवस

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप थेट प्रसिद्ध करता येत नाही. आधी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीत सामील असले पाहिजेत. पूर्वी ही संख्या २० होती. मोजून बारा घेऊ नका. एकाने मध्येच नाव काढलं तर हिशेब बिघडतो. सोळा-सतरा घ्या. प्रत्येकाकडे गूगल खातं आणि अँड्रॉइड फोन हवा, त्याने आमंत्रणाची लिंक उघडून होकार द्यायला हवा आणि अ‍ॅप खरोखर वापरायला हवं. चौदा दिवसांनंतर अर्ज करताना गूगल विचारतं: चाचणी करणाऱ्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं? तेव्हा आठवून लिहिण्यापेक्षा रोज वहीत टिपलेलं कामाला येतं. खानापूरच्या आतल्या गावांतली दोन-तीन माणसं यात मुद्दाम घ्या. नेटवर्क तुटकं असताना अ‍ॅप कसं वागतं, हे शहरातल्या टिळकवाडीत बसून कळत नाही.

मंजुरीच्या अर्जात काय भरायचं

गोपनीयता धोरणाची लिंक हवीच. ते पान कुणालाही उघडता आलं पाहिजे. पीडीएफ चालत नाही. अ‍ॅप कोणती माहिती घेतं आणि कुणाला देतं, हे डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये भरायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमतीवर भर आहे, म्हणून धोरण मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. ज्या सभासदाला इंग्रजी वाचता येत नाही, त्याची संमती इंग्रजी पानावर घेणं मला पटत नाही.

अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते काढून टाकण्याची सोयही अ‍ॅपमध्येच हवी. अ‍ॅपलने हे ३० जून २०२२ पासून सक्तीचं केलं आहे. गूगलला त्यासाठी वेबसाइटवरची वेगळी लिंकही लागते. वयोगटाची प्रश्नावली असते. आर्थिक सेवांची घोषणा सगळ्यांनाच भरावी लागते, अ‍ॅपमध्ये पैशांचं काही नसलं तरी. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं अ‍ॅप अँड्रॉइड १५ साठी, म्हणजे एपीआय ३५ वर बांधलेलं हवं. फाइल एएबी (अँड्रॉइड अ‍ॅप बंडल) स्वरूपातच चढवायची.

पतसंस्थांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वैयक्तिक कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडून गूगल भारतात वेगळी घोषणा आणि रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची प्रत मागतं. पतसंस्थेची नोंदणी सहकार खात्याकडे असते, असा परवाना तिच्याकडे नसतो. माझा सल्ला असा: पहिल्या आवृत्तीत पासबुक, ठेवी आणि सभेच्या सूचना एवढंच ठेवा. कर्जमागणीचा फॉर्म आणि फोनमधल्या संपर्कांची परवानगी, दोन्ही बाहेर ठेवा. कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क आणि फोटो वाचायला मनाईच आहे.

अ‍ॅप तपासणाऱ्याला आत शिरता आलं पाहिजे. आपली बहुतेक अ‍ॅपं भारतीय नंबरावर ओटीपी पाठवतात, आणि तपासणाऱ्याकडे तो नंबर नसतो. त्याच्यासाठी एक ठरलेला नंबर आणि न बदलणारा ओटीपी ठेवा, आत नमुन्याची माहिती भरा, खऱ्या सभासदाची कधीच नको. हे सगळं अर्जातल्या अ‍ॅप अ‍ॅक्सेस या भागात इंग्रजीत लिहा. परत आलेल्या कितीतरी अर्जांचं कारण एवढंच असतं.

अ‍ॅपल आणखी एक गोष्ट बघतं. वेबसाइटच एका चौकटीत घालून अ‍ॅप म्हणून दिली, तर ते नाकारतात. अ‍ॅपमध्ये काहीतरी जास्तीचं हवं: नेट नसताना दिसणारं पासबुक, सूचना, बारकोड वाचणं, काहीही, पण खरं.

नकार आला तर पत्र पूर्ण वाचा, सांगितलेल्या कलमाची दुरुस्ती करा, तिथल्या तिथे उत्तर द्या. बंद झालेल्या खात्याच्या जागी दुसऱ्या नावाने नवं खातं उघडू नका. तेही बंद होतं.

आता जोडणी

अँड्रॉइडवर या जोडणीला अ‍ॅप लिंक्स म्हणतात, आयफोनवर युनिव्हर्सल लिंक्स. दोन्ही २०१५ पासून आहेत. कल्पना साधी आहे. अ‍ॅप म्हणतं, ‘ही वेबसाइट माझी.’ वेबसाइट म्हणते, ‘हे अ‍ॅप माझं.’ दोघांचं बोलणं जुळलं तरच फोन लिंक अ‍ॅपमध्ये उघडतो. एकाच बाजूच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, तर कुणीही भामटा तुमच्या पतसंस्थेच्या लिंका स्वतःच्या अ‍ॅपमध्ये उघडून घेऊ शकला असता. अँड्रॉइड १२ पासून जोडणी पडताळली गेली नसेल, तर लिंक सरळ ब्राउझरमध्ये जाते. मावशीच्या फोनवर झालं ते हेच.

वेबसाइटच्या बाजूला ‘वेल-नोन’ नावाचा फोल्डर लागतो. नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये तो लपलेला राहतो; लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय आधी सुरू करा. त्यात असेटलिंक्स नावाची जेसन (माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या साच्यातली) फाइल ठेवायची. तिच्यात दोन गोष्टी असतात: अ‍ॅपचं पॅकेज नाव (अँड्रॉइडवर अ‍ॅपला ओळखण्याचं नाव) आणि अ‍ॅपवरच्या डिजिटल सहीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ती सही ओळखण्याची अक्षर-अंकांची लांब ओळ.

या ठशात सगळे फसतात, मीही फसलो. आपण अ‍ॅप चढवताना जी सही करतो, ती अपलोडची सही. प्ले अ‍ॅप साइनिंग सुरू असेल तर गूगल ती काढून स्वतःकडे ठेवलेल्या किल्लीने पुन्हा सही करतं, आणि लोकांच्या फोनवर तीच जाते. मी लॅपटॉपवरच्या किल्लीचा ठसा फाइलमध्ये टाकला होता. माझ्या फोनवर सगळं चाललं, कारण तिथे मीच बांधलेलं अ‍ॅप होतं. सभासदांच्या एकाही फोनवर चाललं नाही. योग्य ठसा प्ले कन्सोलमध्ये अ‍ॅप साइनिंगच्या पानावर मिळतो. दोन्ही ठसे फाइलमध्ये ठेवता येतात, आणि ठेवावेत.

फाइल एचटीटीपीएसवरून मिळाली पाहिजे, जेसन म्हणूनच मिळाली पाहिजे, आणि वाटेत दुसऱ्या पत्त्यावर वळता कामा नये. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता हे दोन वेगळे पत्ते धरले जातात. एकावरून दुसऱ्यावर आपोआप नेण्याची सोय बहुतेक होस्टिंगवाले करून ठेवतात, आणि पडताळणी तिथेच तुटते. दोन्हीकडे फाइल ठेवा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर अ‍ॅपने सांगितलेल्या पत्त्यांपैकी एकाचीही फाइल सापडली नाही, तर बाकीचेही नापास होतात. आपल्याकडे असे जुने फोन अजून पुष्कळ हातांत आहेत.

अ‍ॅपच्या बाजूला मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) त्या पत्त्याचा इंटेंट फिल्टर, म्हणजे कोणत्या लिंका अ‍ॅपने उघडायच्या याची नोंद, लिहून ऑटो-व्हेरिफाय ‘ट्रू’ करायचं. प्ले कन्सोलमधलं डीप लिंक्सचं पान कुठला पत्ता जुळला, कुठला नाही, ते दाखवतं.

आयफोनसाठी त्याच फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपल-अ‍ॅप-साइट-असोसिएशन’ ही फाइल ठेवायची, शेवटी जेसन न लिहिता. आत टीम आयडी (अ‍ॅपलच्या खात्याची ओळख) आणि बंडल आयडी (अ‍ॅपची ओळख) टिंबाने जोडून. एक्सकोडमध्ये (आयफोनची अ‍ॅपं बांधण्याच्या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरमध्ये) असोसिएटेड डोमेन्स सुरू करून तोच पत्ता भरायचा. आयओएस १४ पासून ही फाइल फोन थेट तुमच्या सर्व्हरवरून घेत नाही. अ‍ॅपलचं स्वतःचं जाळं ती आणून ठेवतं. म्हणून सकाळी केलेली दुरुस्ती संध्याकाळी दिसली नाही तर घाबरू नका, एक दिवस थांबा. तपासताना लिंक सफारीच्या पट्टीत टाइप करू नका, तशी ती अ‍ॅपमध्ये उघडतच नाही. नोट्समध्ये किंवा मेसेजमध्ये टाकून बोटाने दाबा.

कुणी जुन्या लेखावरून फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही लिंका अ‍ॅपमध्ये उघडून देणारी गूगलची सेवा सुचवली तर घेऊ नका. ती सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. तिच्या लिंका छापलेली पत्रकं आणि क्यूआर कोड दुकानात अजून लावलेले असतील, तर ते आजच उतरवा.

सगळं मंजूर झाल्यावर संस्थेच्या तिजोरीत एक लिफाफा ठेवा: प्ले कन्सोल आणि अ‍ॅपलचं खातं कोणत्या ईमेलवर आहे, अपलोडची किल्ली आणि तिचा पासवर्ड, डन्स क्रमांक, डोमेन कुठे घेतलं आणि त्याची मुदत कधी संपते. ईमेल संस्थेचाच हवा. डोमेनची मुदत चुकली आणि ते दुसऱ्याने उचललं, तर त्या फोल्डरमधली फाइलही त्याच्या हातात जाते, आणि संस्थेच्या नावाने पाठवलेल्या जुन्या लिंका त्याच्या पानावर उघडू लागतात.