बर्मिंगहॅमचं गॅस्टन मोटेल : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहराच्या नियमावलीत एक कलम होतं. एकाच हॉटेलात गोऱ्यांना आणि काळ्यांना जेवायला वाढायचं असेल, तर दोघांच्या मध्ये निदान सात फूट उंचीची भरीव भिंत हवी आणि रस्त्यावरून आत यायची दारंही वेगळी हवीत. बहुतेक मालकांनी भिंत बांधण्यापेक्षा काळ्यांना आत न घेणंच पसंत केलं. अलाबामा राज्यातल्या या पोलादाच्या शहरात १ जुलै १९५४ रोजी ए. जी. गॅस्टन मोटेल सुरू झालं, तेव्हा हे कलम पुरतं लागू होतं.

'मोटेल' हा शब्द मोटार आणि हॉटेल जोडून झालेला. १९२५ साली कॅलिफोर्नियात सान लुईस ओबिस्पो इथे पहिल्यांदा तो पाटीवर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गाड्या आल्या आणि गाडी थेट खोलीच्या दारात लावायची ही सोय लोकांना फार आवडली. १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं 'हॉलिडे इन' मोटेल उघडलं. पण कृष्णवर्णीय कुटुंबाला गाडी असून हे सुख नव्हतं. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेलं चिकन आणि उकडलेली अंडी भरून घ्यायची, टाकी आधीच भरायची आणि शक्यतो रात्रभर न थांबता गाडी चालवायची. कुठे थांबलेलं चालेल याची यादीच न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून पुस्तकरूपात काढली होती. पोस्टमनला ती काढावीशी वाटली, यातच सगळं आलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव घेऊन ते एका पारशी सराईत उतरले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन तिथला मज्जाव मोडून काढला आहे. ते नुसत्या 'समानते'वर का सोडलं नाही, हे बर्मिंगहॅमचा इतिहास वाचताना अधिकच कळतं.

मोटेलचे मालक आर्थर जॉर्ज गॅस्टन यांचा जन्म १८९२चा. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर ते खाणीत कामाला लागले. आईने करून दिलेले जेवणाचे डबे ते सोबतच्या कामगारांना विकायचे, पुढे व्याजाने पैसेही द्यायला लागले. खाणीत माणूस गेला की त्याच्या बायकोला अंत्यविधीसाठी हात पसरावे लागतात, हे त्यांनी पाहिलं आणि १९२३ मध्ये अंत्यविधीचा विमा देणारी संस्था काढली. त्यातून विमा कंपनी, वाणिज्य महाविद्यालय आणि पुढे बँक उभी राहिली. मोटेलचा पाया त्या डब्यांत आहे, असं मला मनापासून वाटतं.

इमारत दुमजली, मधल्या अंगणात गाड्या लावायची सोय. खोल्या वातानुकूलित, आणि जोडीला कॉफी शॉप. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी यांच्यासारखे जॅझ कलावंत इथे उतरत. ज्या शहरात ते वाजवायला येत, तिथल्या मोठ्या हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे.

१९६३च्या एप्रिलमध्ये शहरातल्या वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांनी खोली क्रमांक ३० घेतली. ही ऑफिसच्या वरची, त्यातल्या त्यात मोठी खोली. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, ती कार्यकर्त्यांनी गच्च भरली होती. मोर्चाला न्यायालयाची बंदी होती आणि जामिनाचे पैसे संपले होते. किंग आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले ते कामगारांच्या जाड्याभरड्या कपड्यांत. तुरुंगात जायचं ठरलं होतं. तुरुंगातून वर्तमानपत्राच्या समासात लिहून त्यांनी जे गाजलेलं पत्र पाठवलं, ते त्यांचे सहकारी वायट टी वॉकर यांनी या मोटेलवरच जुळवून टाइप करून घेतलं.

गॅस्टन मात्र या सगळ्यात आनंदाने नव्हते. गोऱ्या व्यापाऱ्यांशी बोलणी करून मार्ग निघेल असं त्यांना वाटे आणि मुलांना मोर्चात उतरवणं तर त्यांना अजिबात पटलं नव्हतं. मे महिन्यात ते एका गोऱ्या वकिलाशी फोनवर हेच बोलत होते. बोलता बोलता खिडकीबाहेर नजर गेली. समोरच्या केली इन्ग्रॅम पार्कात अग्निशामक दलाच्या पाण्याच्या झोताने एक लहान मुलगी रस्त्यावर गडगडत चालली होती. त्यांनी फोन तिथेच ठेवला.

१० मे रोजी मोटेलच्या अंगणात आंदोलक आणि गोरे व्यापारी यांच्यातली तडजोड जाहीर झाली. दुसऱ्या रात्री बाराच्या सुमारास खोली ३०च्या खाली बॉम्ब फुटला. किंग आधीच अटलांटाला गेले होते, म्हणून वाचले.

२ जुलै १९६४ला हॉटेलं-उपाहारगृहांतल्या वर्णभेदाला बंदी करणारा नागरी हक्क कायदा आला. त्याला दोघांनी आव्हान दिलं : अटलांटातलं २१६ खोल्यांचं 'हार्ट ऑफ अटलांटा मोटेल' आणि बर्मिंगहॅममधलंच 'ऑलीज बार्बेक्यू' हे २२० जणांच्या बैठकीचं रेस्टॉरंट. ऑलीजमधले दोन तृतीयांश कामगार कृष्णवर्णीय होते, पण त्यांच्याच समाजाच्या गिऱ्हाईकाला फक्त पार्सल मिळे. १४ डिसेंबर १९६४ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही एकमताने नकार दिला. ऑलीजच्या बाबतीत आधार काय, तर त्यांच्या खरेदीतलं ४६ टक्के सामान परराज्यातून आलेलं मांस होतं. म्हणजे आंतरराज्य व्यापार, म्हणजे केंद्राचा अधिकार. कुणाही माणसाला टेबलाशी बसून जेवायचा हक्क आहे, हे मांसाच्या बिलावरून सिद्ध करावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकीची दारं उघडली तसं गॅस्टन मोटेलचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. १९६८ मध्ये इमारत वाढवूनही धंदा सावरला नाही. १९८२ मध्ये तिथे वृद्धांसाठी घरं झाली. १९९६च्या जानेवारीत गॅस्टन १०३व्या वर्षी वारले आणि त्याच वर्षी इमारतही बंद पडली. मग वीसेक वर्षं ती ओस होती.

१२ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि डागडुजीला वेग आला. बाहेरची बाजू १९६३ साली होती तशी करायचं ठरलं. त्या कामात खोली ३० आली, तसंच कॉफी शॉपही आलं.