पावसाळ्यात बेस गिटारच्या तारा सैल कराव्यात का?

नको. चतुर्थीनंतर बँडच्या तालमी सुरू होतात आणि जूनपासून तारा उतरवून ठेवलेली बेस पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरते. ‘गोव्याच्या दमट हवेत नेक वाकते, तारा सैल करा’ हा जुना सल्ला तिला भोवलेला असतो.

नेकमधला ट्रस रॉड (आत बसवलेली धातूची सळई) तारांच्या उलट दिशेने ओढतो. चार तारांची एकत्र ओढ साधारण ७०-८० किलो; ती काढली की रॉडला अडवायला कोणी उरत नाही, नेक मागे झुकते. म्हणून बेस सुरात लावूनच ठेवा.

नेक तपासायची तर जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर सुमारे ०.३ मिमी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असल्यास रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असल्यास उलट. मग सूर लावून पुन्हा बघा. रॉड अडला तर जोर अजिबात नको, कारागिराकडे द्या.

दमट, खारी हवा खरी खाते ती तारा आणि जॅक (केबल जोडायचं भोक). वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने खालूनही पुसा, केसमध्ये सिलिका जेल ठेवा.