भट्टीविना बांधलेला घास

खजूर, बदाम, ओट्स आणि चमचाभर कोको मिक्सरमधून फिरवायचा, तळव्याला तूप लावून लिंबाएवढे गोळे वळायचे आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायचा. ‘नो-बेक एनर्जी बाइट्स’ या नावाने हा खाऊ आता शहरी मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात तो असतो, जिमच्या पिशवीतही असतो. घरातली वडीलधारी बाई तो हातात घेऊन म्हणते, ‘अगं, हा तर खजुराचा लाडू!’ तिचं बरोबरच आहे. तरी या गोळ्याचं कूळ एकाच घरातलं नाही. त्यात वेदकाळातले सातू आहेत, मेक्सिकोचा राजगिरा आहे आणि मोरोक्कोतून अमेरिकेत नेलेली खजुराची रोपंही आहेत.

आधी नावाकडे बघू. ‘नो-बेक’ हे विशेषण तिथेच सुचतं जिथे घरोघरी ओव्हन असतो आणि खाऊ म्हणजे त्यातून निघालेलं बिस्कीट किंवा केक हे धरूनच चाललेलं असतं. अमेरिकेत १९३९ मध्ये केलॉग्ज कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे यांनी एका सहकारी बाईंच्या मदतीने लोणी आणि मार्शमॅलो ही साखरेची मऊ मिठाई वितळवली, त्यात फुगवलेले तांदूळ कालवले, ते थापून वड्या पाडल्या. ओव्हन न पेटवता झालेला तो खाऊ तिकडे घराघरांत पोचला. आपल्या नजरेने पाहिलं तर ती कुरमुऱ्याची वडीच. गुळाच्या पाकाच्या जागी मार्शमॅलो आला इतकंच.

मराठी घरात चूल होती, शेगडी होती, मग वातीचा स्टोव्ह आणि गॅस आला, ओव्हन नव्हता. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर पाव आला तोही पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीतून. मला उन्हाळ्याच्या सुट्टीतली नानकटाई आठवते. पीठ घरी मळायचं, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे घेऊन बेकरीच्या दारात रांगेत उभं राहायचं. भट्टी ही दुसऱ्याच्या दारात जाऊन वापरायची गोष्ट होती. भाषेतही ‘बेक’ला वेगळा शब्द घडला नाही. भाकरी भाजतात, रवा भाजतात, वांगं भाजतात आणि पावही भट्टीत भाजतात. म्हणून घरच्या खाऊला ‘बिनभट्टीचा’ असं वेगळं नाव द्यायची वेळच आली नाही.

मात्र आपला बिनभट्टीचा खाऊ बिनविस्तवाचा नव्हता, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. धान्य आधी भाजून ठेवायचं आणि खायच्या वेळी चूल न पेटवता कालवायचं, ही युक्ती फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘सक्तुमिव तितउना पुनन्तः’ असे शब्द येतात. चाळणीने सातू चाळून स्वच्छ करावेत तशी ज्ञानी माणसं वाणी पारखून घेतात, असा त्याचा आशय. दाखला द्यायला सातूच सुचले, म्हणजे ते किती रोजच्या ओळखीचे असतील! आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून दळलेलं सातूचं पीठ अजून होतं. गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवलं की जेवण, तूप-गूळ घालून वळलं की लाडू. प्रवासात, शेतावर, परीक्षेच्या दिवसांत ते आधाराला असायचं.

तिळाची कथाही तितकीच लांबची. हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत, आणि ‘तेल’ हा आपला शब्द मुळात तिळाच्या ‘तैला’वरून आला. संक्रांतीच्या तिळगुळाचे दोन प्रकार घरात होतात, पाकाचा आणि बिनपाकाचा. दुसऱ्यात भाजलेले तीळ आणि दाणे कुटून चिकीच्या नव्हे, साध्या मऊ गुळात मळतात. कुटताना सुटलेलं तेल आणि गुळाचा चिकटपणा यांवरच लाडू बांधला जातो. आजचा एनर्जी बाइट याच बिनपाकाच्या वड्या-लाडवांचा भाऊ आहे. चिक्कीची शाखा वेगळी, तिला कडक पाक लागतो.

विस्तवाचं काम आणखी कमी असलेला एक पदार्थ कोकणात आहे, मलिदा. रायगड-अलिबागच्या मुलखातले मराठी बोलणारे बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, लोक एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडताना तो करतात. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा आणि भोवती ताजी फळं. यातले पुष्कळ लोक पुढे इस्रायलला जाऊन स्थायिक झाले आणि मलिद्याचं ताट तिथेही मांडलं जातं. मलिदा म्हटलं की इतर घरांत कुस्करलेल्या पोळीत गूळ-तूप घालून केलेला खाऊ आठवतो. पीर-दर्ग्यांनाही तोच चढवतात. शिळ्या पोळीच्या लाडवाचं हे भाऊबंद. एका नावाखाली इतक्या श्रद्धा एकत्र नांदताना पाहिल्या की मला मनापासून बरं वाटतं.

उपासाच्या ताटातला राजगिऱ्याचा लाडू तर दोन खंडांना जोडतो. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ घायपातीच्या जातीतल्या एका झाडाच्या गोड रसात मळून देवांच्या मूर्ती घडवत, पूजा झाली की तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना ती मूर्तिपूजा खटकली आणि त्यांनी ती दडपली. तरी पदार्थ टिकला. फुलवलेला राजगिरा आणि मध किंवा गुळासारखा पाक यांची वडी आजही तिथे ‘आलेग्रिया’, म्हणजे ‘आनंद’, या नावाने विकतात. आषाढीच्या दिवशी आपण खातो ती राजगिऱ्याची वडी शेजारी ठेवली तर कुठली कोणती ते ओळखू येणार नाही! भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे ज्या दाण्याच्या लाडवाला आपण अगदी घरचा समजतो, त्याचा मुख्य जिन्नस समुद्र ओलांडून आलेला आहे.

आता खजूर. डिंकाच्या लाडवात ते फळ पूर्वीपासून होतं, पण वाळलेल्या रूपात, खारीक म्हणून. तुपात फुलवलेला डिंक, किसून भाजलेलं सुकं खोबरं, खारकेची पूड, खसखस, सुंठ-जायफळ. आणि हे सगळं बांधायला गूळ. बाळंतिणीसाठी आणि थंडीसाठी केलेला हा लाडू महिनाभर टिकायचा, कारण त्यात ओलावा जवळजवळ नसतो. खारकेचं काम चवीचं आणि ताकदीचं, बांधायचं काम तिचं नव्हतं. नव्या बाइट्समध्ये हे उलटलं. ओला, मऊ खजूर वाटून त्याचाच गोंद झाला आणि गूळ, पाक, तूप हे तिन्ही बाजूला पडले. माझ्या लेखी या पदार्थातलं खरं नवेपण एवढंच आहे.

हे वळण अमेरिकेत घेतलं गेलं. अंतराळवीरांच्या खाण्यावर काम करणाऱ्या पिल्सबरी कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्पेस फूड स्टिक्स’ बाजारात आणल्या. १९८६ मध्ये मॅरेथॉनपटू ब्रायन मॅक्सवेल यांनी कॅलिफोर्नियात पॉवरबार नावाची ताकदीची वडी सुरू केली. ही खेळाडूंची इंधनं होती, त्यांचा घटकांशी फारसा लडिवाळपणा नव्हता. कोलोराडोच्या लारा मेरिकेन यांनी २००३ मध्ये काढलेल्या लाराबारने दिशा बदलली: खजूर, सुकामेवा, फळं, बस्स. त्यातला एक प्रकार तर फक्त काजू आणि खजूर यांचा. दोन जिन्नस आणि एक मिक्सर असेल तर हे घरी का करू नये, हा प्रश्न ओघाने आलाच, आणि बारचा गोळा झाला.

त्यासाठी मऊ खजूर मुबलक हवा. आज सुकामेव्याच्या दुकानात महाग डब्यात दिसणारा मेजूल मूळचा मोरोक्कोचा. तिथली झाडं रोगाने मरत असताना वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ११ रोपं अमेरिकेत नेली. कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनातल्या मेजूलच्या बागा त्या मूठभर रोपांपासून वाढल्या. घरच्या बाइट्सना मात्र मेजूलच हवा असं काही नाही. साधा काळा, मऊ खजूर बिया काढून घेतला तरी उत्तम बांधला जातो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळलं, तेव्हापासून ओट्सच्या जागी भाजलेलं नाचणीचं पीठ किंवा ज्वारीच्या लाह्या घालणारेही वाढले आहेत. मला ही भर ओट्सपेक्षा आवडते.

‘हेल्दी’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एका मेजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम साखर असते. अख्ख्या फळातली साखर चोथ्यासकट येते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती ‘मुक्त साखरे’त धरत नाही, गूळ, मध आणि काकवी मात्र धरते. २०१५ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली हवी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. तेव्हा ‘साखर नाही, फक्त गूळ आहे’ हे पाकिटावरचं वाक्य वाचून निश्चिंत होऊ नये. खजुराचे गोळेही मधुमेह असलेल्या माणसाने मोजूनच खावेत. १५० ग्रॅम खजुरात १२ गोळे केले तर प्रत्येकात ८ ग्रॅमच्या आसपास साखर येते.

परदेशी कृतींत कधीकधी कच्चं पीठ तसंच घालायला सांगतात. ते ऐकू नये. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि बेसन तर कच्चट लागतंच. ओट्सचं वेगळं, ते कारखान्यातच वाफवून चपटे केलेले असतात. बाकी नाचणी, बेसन, कणीक काहीही असो, मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतावं, पूर्ण निवू द्यावं आणि मगच खजुरात मिसळावं. गरम पीठ घातलं तर सुकामेव्याचं तेल सुटून गोळा तेलकट होतो. आणि ओल्या खजुराचे हे गोळे डिंकाच्या लाडवासारखे फडताळात महिनाभर ठेवता येत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडाभरात संपतील इतकेच करावेत.