टोनर संपलाय का ड्रम गेलाय? पावडर भरायच्या आधी एवढं बघा

परभणीच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानात मी हिशोबाचं काम बघतो. सोयाबीनची आवक चालू झाली की आमचा प्रिंटर सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाही, माप झालं, भाव लागला की शेतकऱ्याच्या हातात लगेच पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, द्यावी लागते, तो ट्रॅक्टर उभा करून थांबलेला असतो. आणि नेमकं त्याच दिवसांत प्रिंट खराब यायला लागते. मग एकच वाक्य, टोनर संपला असंल, पोराला पाठव, पावडर भरून आण. एका सीझनला आम्ही अशी तीनदा पावडर भरली आणि तिन्ही वेळेला पट्टीवरचा काळा ठिपका होता तिथंच, कारण पावडर संपलीच नव्हती, ड्रम गेला होता. भरून देणाऱ्यानं तिन्ही वेळेला पैसे घेतले, ड्रमचं नाव एकदा बी काढलं नाही. तवापासून मी हा फरक नीट समजून घेतला, आणि मोंढ्यातल्या बाकीच्या दुकानांत बघतो तर सगळीकडं हेच चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोनर म्हणजे ती काळी पावडर. शाई नाही, प्लॅस्टिकचा बारीक भुगा असतो, त्यात काजळीसारखा कार्बन मिसळलेला, एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. ड्रम म्हणजे ज्याच्यावर ही पावडर चिकटून अक्षर तयार होतं ते नळकांडं, ॲल्युमिनियमची नळी आणि वरून हिरवट नाहीतर निळसर चकचकीत थर. घरातलंच उदाहरण घ्या, टोनर म्हणजे दळण आणि ड्रम म्हणजे जात्याचा दगड. दळण संपलं तर अजून ज्वारी ओतायची, पण दगडच गुळगुळीत झाला असंल तर पायलीभर ओतली तरी पीठ भरडच येणार, तिथं टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं दगड परत खरबरीत करावा लागतो. ड्रमला टाकी लागत नाही, तो बदलावाच लागतो, एवढाच फरक.

हे दोन पहिल्या दिवसापासूनच वेगळे आहेत. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन या संशोधकानं पहिली कोरडी प्रत काढली तेव्हा त्याच्याकडं गंधकाचा थर दिलेली जस्ताची प्लेट होती, ती रुमालानं घासून चार्ज केली, म्हणजे तिच्यावर स्थिर वीज आणली, अक्षरं लिहिलेल्या काचेतून उजेड पाडला आणि वरून बारीक पावडर भुरभुरली. ती प्लेट म्हणजे आजचा ड्रम आणि ती पावडर म्हणजे आजचा टोनर. आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो ते तिथूनच आलं आणि लेझर प्रिंटर बी त्याच तत्त्वावर चालतो. ड्रम अंधारात चार्ज धरून ठेवतो, लेझर जिथं अक्षर पाहिजे तेवढ्याच जागेवर उजेड मारतो, तिथं पावडर चिकटते, ती कागदावर उतरते, पुढं फ्यूजरच्या गरम रोलरमधून जाताना वितळून कागदात बसते. कागदावर न उतरलेली पावडर ब्लेड खरवडून काढते आणि ती वेस्टच्या खान्यात जाते.

आता गोंधळ का होतो ते बघा. आपल्याकडं दुकानादुकानात जे जुने छोटे लेझर प्रिंटर दिसतात, एचपीचा १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९००, त्यांच्यात पावडर, ड्रम, ब्लेड सगळं एकाच कार्ट्रेजमध्ये असतं. आपण त्या पूर्ण डब्यालाच टोनर म्हणतो, त्यामुळं आत वेगळा ड्रम हाये हे डोक्यातच येत नाही. कंपनीचा नवीन डबा घेतला की ड्रम आपोआप नवीन येतो, महाग वाटतो तो त्याच्यामुळं बी. पण आपण नवीन डबा घेत नाही, पावडर भरतो, आणि ड्रम तोच राहतो, दुसऱ्या तिसऱ्या भरण्याला तो थकलेला असतो. ब्रदर कंपनीसारख्या मशीनमध्ये मात्र दोन्ही वेगळेच विकत मिळतात. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डी ला टोनर टीएन-२३६५, त्याची पानं कंपनी २,६०० सांगते, आणि ड्रम डीआर-२३६५, त्याची १२,०००. म्हणजे साधारण चार-पाच टोनरमागं एक ड्रम. असा प्रिंटर घेताना नुसत्या टोनरच्या भावावर भुलू नका, टोनरची किंमत २,६०० नं आणि ड्रमची १२,००० नं भागा, दोन्ही मिळवा आणि मगच एका पानाला किती पडतंय ते ठरवा.

ओळखायचं कसं, तर प्रिंट हातात घ्या आणि खराबी कशी आलीय ते बघा, भाव करायच्या आधी माल बघतो तसं.

पूर्ण पान फिकट येतंय किंवा उभा एक पट्टा फिकट येतोय तर बहुतेक पावडरच संपत आलीय. कार्ट्रेज काढून आडवं धरून पाच-सहा वेळा हलक्या हातानं डावी-उजवीकडं हलवा, पुढचं पान चांगलं आलं तर खात्री झाली, आणि तेवढ्यावर अजून बरीच पानं निघतात, सीझनच्या गर्दीत तो दिवस तरी निभावतो.

ठिपका किंवा डाग ठरावीक अंतरावर परत परत येतोय, तर बहुतेक तो ड्रम. आमची पट्टी अर्ध्या पानाची असते, त्यामुळं ठिपका एकदा किंवा दोनदाच दिसायचा आणि लक्षात येत नव्हतं. एके दिवशी पूर्ण ए४ पान काढलं आणि वरून खाली एकाच सरळ रेषेत चार ठिपके! फूटपट्टी लावली तर दोन ठिपक्यांत साडेसात सेंटीमीटर. मग कळलं, एचपी १२ए सारख्या कार्ट्रेजचा (१०२० ला हेच लागतं) ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्याचा एक वेढा साधारण साडेसात सेंटीमीटरचा. ड्रमवर एका जागी खरचटलं होतं आणि दर वेढ्याला तेच कागदावर उमटत होतं. ब्रदरच्या ड्रमला हेच अंतर ९४ मिलिमीटर येतं. घरात फूटपट्टी असंल तर मेकॅनिक बोलवायच्या आधी हे एकदा कराच, कारण यात पावडरीचा काहीच दोष नाही आणि कितीही भरली तरी डाग जाणार नाही.

वरून खालपर्यंत एकच सलग काळी रेघ येत असली तर ड्रमवर गोल ओरखडा गेलाय किंवा ब्लेड खराब झालीय. ब्रदरमध्ये असल्या रेघेला आधी ड्रम युनिटवरची हिरवी पट्टी दोन-चार वेळा इकडून तिकडं सरकवून परत मूळ जागी आणून ठेवा, आत एक तार असते ती साफ होते. मोंढ्यात ही तार लवकर भरते, सोयाबीनचं भुसकट हवेतच असतं. पूर्ण पानाला करडी झाक येत असंल तर जरा अवघड, त्याला हलकी किंवा दुसऱ्याच मॉडेलची पावडर बी कारण असतं आणि झिजलेला ड्रम बी. आणि बोट फिरवल्यावर अक्षरच पुसतंय तर बहुतेक फ्यूजरकडं बघावं लागतं.

खर्चाची खरी गोष्ट इथं आहे, दोघं खर्च होतात ते वेगवेगळ्या कारणानं. पावडर संपते ती कागदावर किती काळं छापलं त्यानं. कंपनी जो पानांचा आकडा देते तो पानावर साधारण ५ टक्के छपाई धरून असतो, साध्या पत्रासारखी. आधार कार्डाची काळीकुट्ट झेरॉक्स काढली तर हा हिशोब कुठल्या कुठं जातो, १० टक्के छपाई झाली तरी पानं निम्मी. ड्रमला मात्र काळं किती याच्याशी फारसं देणंघेणं नाही, तो झिजतो फिरण्यानं, किती वेढे झाले त्यानं. म्हणून टोनर सेव्ह मोड लावला की पावडर वाचते, ड्रम नाही वाचत. दोन्ही बाजूंनी छापलं की कागद वाचतो, पावडर आणि ड्रम आहे तेवढेच जातात. आणि आमच्यासारख्यांना सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे एकेक पान सुटं काढलं की ड्रम प्रत्येक वेळी पानाच्या आधी आणि नंतर बी फिरतो, दहा पानं एकदम सोडली तर ते फुकटचे वेढे वाचतात. पट्टी तर लगेच द्यावीच लागते, तिथं इलाज नाही, पण आमची दुकानाची कॉपी आता दिवसभर काढत नाही, संध्याकाळी सगळ्या एकदम काढतो. पीक विम्याच्या दिवसांत सातबारा आणि आठ-अ काढून देणाऱ्यांनी बी शेतकऱ्याची सगळी कागदं एकाच पीडीएफमध्ये घेऊन सोडावीत.

पावडर भरून घेताना तिथं उभं राहा, हे मी कळकळीनं सांगतो. ओट्यावर उन्हात कार्ट्रेज उघडून ड्रम तसाच बाजूला ठेवायलेले मी डोळ्यानं बघितलेत. ज्या थराचं कामच उजेड लागला की चार्ज सोडायचं, त्याला ऊन दाखवलं तर तो कसा टिकंल? सावलीत उघडायला सांगा, ड्रमवर कापड झाका म्हणा, त्याला बोट लावू देऊ नका, आणि वेस्टचा खाना रिकामा केला का ते विचारा, नाहीतर जुनी खरवडलेली पावडर भरून वाहते आणि कागदावर सांडते, ते बी आपण ड्रमच्या नाहीतर टोनरच्या नावावर खपवतो. कपड्यावर पावडर सांडली तर झटकून थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं ती कापडात पक्की बसते.

ब्रदरवाल्यांसाठी अजून एक. नुसता टोनर बदलला तर ड्रमचा काउंटर रीसेट करू नका, नाहीतर मशीन जुन्या ड्रमला नवीन समजून पुढचा हिशोब चुकवत राहतं. तो फक्त नवीन ड्रम टाकल्यावरच करायचा. आमच्या १२ए सारख्या कार्ट्रेजला असला काउंटर नसतो, म्हणून आमच्या डब्याच्या पाठीवर मी मार्करनं लिहितो, पावडर भरली की तारीख आणि एक उभी रेघ, ड्रम बदलला की गोल. सध्या तिथं एक गोल आणि दोन रेघा आहेत.